कार्डाऐवजी टोकन : मध्यस्थ कसा निवडावा?



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काही जणांना नवल वाटले असेल. कामगार संघटनेत तीस वर्षे घालवलेल्या माणसाने व्यापाऱ्याला शहाणपण शिकवण्याच्या भानगडीत का पडावे, अशी शंका कोणी घेतली तर ती रास्तच आहे. म्हणून आधी तिचेच उत्तर देतो. दुकान मालकाचे असले तरी गल्ल्यावर बसतो तो नोकर. ग्राहकाचा दूरध्वनी घेते ती नोकरीतली मुलगी. हिशेब जुळवतो तो कारकून. शिवाय आमच्या कामगारांच्या सहकारी ग्राहक भांडारांत मालकही कामगार आणि नोकरही कामगार! ग्राहकाच्या कार्डाचा आकडा कोठे ठेवायचा, हा प्रश्न वरच्या मजल्यावर चुकीचा सुटला की त्याचा भुर्दंड खालच्या मजल्यावर बसतो. म्हणून हा विषय माझाही आहे.

दुसरी गोष्ट. मी दहावीनंतर शाळा सोडली. पुढचे जे काही शिकलो ते संघाच्या कचेरीतल्या कपाटातून. औद्योगिक न्यायालयाचे निवाडे जसे कलम-कलम करून वाचायला शिकलो, तशीच रिझर्व्ह बँकेची परिपत्रके वाचली. तेव्हा मी यंत्रज्ञ म्हणून नव्हे, करार वाचणारा माणूस म्हणून बोलणार आहे. आणि माझी अशी खात्री झाली आहे की, या विषयात यंत्राचे ज्ञान जेवढे लागते त्यापेक्षा करार वाचण्याचे ज्ञान जास्त लागते.

प्रथम टोकन म्हणजे काय ते पाहू. शब्द आपल्याला नवा नाही. पूर्वी बँकेत धनादेश दिला की कारकून पितळेचा एक बिल्ला हातात ठेवी. त्यावर एखादा आकडा कोरलेला असे. खिडकीवर तो आकडा पुकारला की आपण बिल्ला द्यायचा आणि पैसे घ्यायचे. त्या बिल्ल्यावर आपले नाव नसे, खात्याचा नंबर नसे, रक्कमही नसे. तो रस्त्यात कोणाला सापडला तर दुसऱ्या बँकेत त्याची किंमत शून्य. किंमत होती ती त्याच शाखेत, त्याच दिवशी, आणि तीही कारकुनाच्या वहीत त्या आकड्यासमोर आपले नाव लिहिलेले होते म्हणून. बिल्ला ग्राहकाकडे आणि वही बँकेकडे, या विभागणीत सगळी सुरक्षितता होती.

कार्डाच्या टोकनाचे तत्त्व हेच आहे. आपल्या कार्डावर बहुधा सोळा आकडे असतात. सुरुवातीचे सहा किंवा आठ आकडे कार्ड कोणत्या बँकेने दिले ते सांगतात, मधले खातेदाराचे, आणि शेवटचा एक आकडा केवळ पडताळ्यासाठी. हान्स पीटर ल्यून या आय.बी.एम. कंपनीतल्या संशोधकाने १९५४ मध्ये या पडताळ्याच्या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० मध्ये त्याला ते मिळाले. आकडा टंकताना एखादी चूक झाली तर ती ताबडतोब पकडावी, एवढाच तिचा उपयोग. चोराला ती अडवत नाही. टोकन म्हणजे या सोळा आकड्यांच्या जागी दिलेला दुसरा आकडा. तो दिसतो कार्डाच्या आकड्यासारखाच आणि वरचा पडताळाही पार करतो, म्हणजे जुन्या यंत्रांना तो चालतो. पण मूळ आकड्याशी त्याचे गणिती नाते काही नसते.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. सांकेतिक लिपीत लिहिलेला आकडा वेगळा आणि टोकन वेगळे. सांकेतिक लिपीची किल्ली चोराच्या हाती लागली तर त्याला मूळ आकडा काढता येतो. टोकनाला अशी किल्लीच नसते. मूळ आकडा कोणता, हे फक्त वहीत लिहिलेले असते आणि वही दुकानात नसते. शिवाय कार्डजाळ्यांनी दिलेल्या टोकनाबरोबर प्रत्येक व्यवहाराला एक नवी, एकदाच चालणारी खूण जावी लागते. ही पद्धत ई.एम.व्ही.को. या कार्डकंपन्यांच्या संयुक्त संस्थेने मार्च २०१४ मध्ये आराखड्याच्या रूपाने प्रसिद्ध केली.

याची गरज का पडली? कारण दुकानदारांनी कार्डांचे आकडे साठवून ठेवायला सुरुवात केली, आणि जेथे साठा तेथे दरोडा. अमेरिकेत हार्टलँड या पैसे पोचवणाऱ्या कंपनीतून सुमारे तेरा कोटी कार्डांची माहिती गेल्याचे जानेवारी २००९ मध्ये उघड झाले. २०१३ च्या नाताळच्या खरेदीत टार्गेट या दुकानसाखळीतून चार कोटी कार्डांची माहिती गेली. त्या वेळी चोर शिरले ते शीतयंत्रांची कामे करणाऱ्या एका कंत्राटदाराचा परवलीचा शब्द चोरून. कंत्राटदारी पद्धतीविषयी आम्ही जे सांगत आलो आहोत त्याला हा एक वेगळाच दाखला मिळाला! आपल्याकडेही २०१६ मध्ये एका सेवा कंपनीच्या यंत्रणेत घातक प्रणाली शिरल्यामुळे सुमारे बत्तीस लाख डेबिट कार्डे धोक्यात आल्याचे जाहीर झाले आणि बँकांना लाखो कार्डे बदलून द्यावी लागली.

तथापि टोकन हा सर्व रोगांवरचा उतारा आहे असे मात्र कोणी समजू नये. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे चौऱ्याण्णव कोटी रुपये गेले. त्यातली बरीच रक्कम बनावट कार्डांनी अठ्ठावीस देशांतल्या यंत्रांतून काढली गेली. तेथे हल्ला झाला होता तो बँकेच्या होकार-नकार देणाऱ्या यंत्रणेवर. दुकानदाराकडच्या टोकनाने तो थांबला असता असे मी म्हणणार नाही. टोकन एकच काम करते. दुकानदाराच्या घरात चोरी झाली तरी चोराच्या हाती कामाचे काही लागू नये, एवढे ते पाहते. पण हे काम लहान नाही.

आता आपल्या देशातला कायदा पाहू, कारण येथे परदेशी पुस्तके वाचून निर्णय घेणारा फसतो. परदेशात टोकने दोन प्रकारची असतात. एका प्रकारात मध्यस्थ कंपनी मूळ आकडा स्वतःच्या तिजोरीत ठेवते आणि दुकानदाराला आपल्या घरचे टोकन देते. दुसऱ्या प्रकारात टोकन देते ते व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारखे कार्डजाळे. भारतात कार्डांच्या टोकनाला रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१९ मध्ये परवानगी दिली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये दुकानदाराकडे जतन केलेल्या कार्डांसाठीही ती वाढवली. अनेकदा मुदतवाढ मिळून अखेर १ ऑक्टोबर २०२२ पासून नियम लागू झाला की, कार्ड देणारी बँक आणि कार्डजाळे यांच्याखेरीज दुसऱ्या कोणीही ग्राहकाच्या पुढच्या खरेदीसाठी कार्डाचा आकडा साठवून ठेवायचा नाही. दुकानदाराला हिशेबासाठी शेवटचे चार आकडे आणि बँकेचे नाव एवढेच ठेवता येते. म्हणजे आपल्याकडे मध्यस्थाची खासगी तिजोरी ही गोष्टच बाद झाली. टोकन द्यायचे ते कार्डजाळ्याने किंवा कार्ड देणाऱ्या बँकेने. डिसेंबर २०२३ मध्ये तर ग्राहकाला आपल्या बँकेकडूनच थेट टोकन करून घेण्याची सोयही रिझर्व्ह बँकेने मान्य केली.

मग मध्यस्थ कशासाठी? दुकानदार प्रत्येक कार्डजाळ्याशी स्वतंत्र जोडणी करू शकत नाही, म्हणून. मध्यस्थ त्याच्या वतीने टोकन मागतो, व्यवहार पुढे पाठवतो आणि पैसे गोळा करून खात्यात आणून देतो. जुन्या बाजारातल्या अडत्यासारखेच हे काम. आणि अडत्याची निवड शेतकऱ्याने जेवढ्या सावधपणे करावी, तेवढ्याच सावधपणे ही निवड केली पाहिजे.

एक उदाहरण धरून चालू. समजा, एखाद्या औद्योगिक वसाहतीतील कामगारांच्या ग्राहक भांडाराने घरपोच किराणा सुरू केला आहे. दरमहा तेच दोन-तीन हजार सभासद खरेदी करतात, आणि प्रत्येक वेळी सोळा आकडे भरायला ते कंटाळतात. संचालक मंडळापुढे चार मध्यस्थांची निवेदने आली आहेत. चौघांचीही पत्रके गुळगुळीत कागदावर छापलेली. मंडळाने काय विचारावे?

पहिला प्रश्न परवान्याचा. ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थाला रिझर्व्ह बँकेची अधिकृत मान्यता लागते. तिच्या नियमांनुसार अर्जाच्या वेळी त्याची निव्वळ मालमत्ता पंधरा कोटी आणि पुढे पंचवीस कोटी रुपये असावी लागते, आणि व्यापाऱ्यांचे पैसे स्वतंत्र राखीव खात्यात ठेवावे लागतात. मान्यता मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँक प्रसिद्ध करते. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न जाता ती यादी स्वतः पाहावी.

दुसरा प्रश्न सुरक्षेच्या दाखल्याचा. कार्डांची माहिती हाताळणाऱ्यांसाठी पी.सी.आय. डी.एस.एस. नावाची नियमावली आहे. ती पहिल्यांदा २००४ मध्ये आली. २००६ पासून पाच मोठ्या कार्डकंपन्यांनी स्थापन केलेले मंडळ तिचा सांभाळ करते. तिची चौथी आवृत्ती मार्च २०२२ मध्ये निघाली आणि त्यातली पुढच्या तारखेची कलमे ३१ मार्च २०२५ पासून बंधनकारक झाली. मध्यस्थाकडे चालू वर्षाचा दाखला मागावा, त्यावर कोणत्या सेवा तपासल्याचे लिहिले आहे ते पाहावे. कारखान्यातल्या बॉयलरचा दाखला दाखवून कोणी विजेच्या लिफ्टचे काम झाले म्हणू लागला तर आपण ऐकणार नाही. येथेही ऐकू नये.

तिसरा प्रश्न असा की, ग्राहक आकडा टंकतो ते पान कोणाचे? टोकन पुढे दिले, पण आकडा आधी भांडाराच्याच संगणकातून गेला, तर धोका तसाच राहिला. आकडा भरण्याची चौकट मध्यस्थाच्या यंत्रावरून यावी आणि भांडाराच्या यंत्राला तो कधी दिसूच नये. यामुळे सुरक्षेच्या नियमावलीतील भांडाराची जबाबदारीही बरीच हलकी होते. कार्डामागचे तीन आकडे तर, होकार मिळाल्यावर कोणत्याही दुकानदाराने कोणत्याही रूपात ठेवायचे नाहीत, असा नियमच आहे.

चौथा प्रश्न व्याप्तीचा. सभासदांच्या खिशात कोणती कार्डे आहेत? आमच्या कामगारांकडे रुपे कार्डे पुष्कळ असतात, सहकारी बँकांची असतात. मध्यस्थ मोठ्या दोन परदेशी जाळ्यांची टोकने देतो, पण रुपेची जोडणी अर्धवट आहे, असे निघाले तर निम्म्या सभासदांना सोय मिळणार नाही. कोणती जाळी, कोणत्या बँका, हे नावानिशी लिहून घ्यावे. मासिक वर्गणी आपोआप वळती करायची असेल तर तीही टोकनावर चालते का, हे विचारावे. अशा वसुलीला पहिल्या वेळी ग्राहकाची दुहेरी खातरजमा आणि प्रत्येक वसुलीपूर्वी किमान चोवीस तास सूचना लागते. परतावा आणि हप्त्यांची खरेदी यांचेही तसेच.

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि विक्रेते नेमका तोच गाळतात. उद्या मध्यस्थ बदलायचा ठरवला तर टोकनांचे काय? आपल्या नियमांत प्रत्येक टोकन हे कार्ड, टोकन मागणारा आणि दुकानदार या तिघांच्या जोडीने बांधलेले असते. टोकन मागणारा म्हणून मध्यस्थाचे नाव लागले असेल, तर नव्या मध्यस्थाकडे गेल्यावर ती टोकने बहुधा निरुपयोगी होतात आणि सगळ्या सभासदांची संमती पुन्हा घ्यावी लागते. मग मध्यस्थ दर वाढवतो आणि मंडळ गप्प बसते. ज्या कामगाराने मालकाच्या चाळीत खोली घेतली आहे त्याला संप करणे किती जड जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. ही तीच गत. म्हणून टोकन मागणारा म्हणून कोणाचे नाव लागणार, दुकानदाराच्या स्वतःच्या नावाने ते करता येते का, आणि करार संपल्यावर किती महिने व्यवहार चालू ठेवण्यास मध्यस्थ बांधलेला राहील, हे सही करण्यापूर्वी ठरवावे. लग्नाच्या बैठकीत काडीमोडाची गोष्ट काढणे अशुभ मानतात. व्यापारी करारात मात्र ती पहिल्या बैठकीतच काढावी.

सहावा प्रश्न दराचा. दर एकच नसतो. टोकन तयार करण्याचा वेगळा, प्रत्येक व्यवहाराचा वेगळा, जोडणीचा वेगळा, परताव्याचा आणखी वेगळा असू शकतो. चारही निवेदने एकाच तक्त्यात मांडून, आपल्या गेल्या वर्षीच्या खऱ्या व्यवहारांवर हिशेब करावा. रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारावर दुकानदाराकडून सवलत-दर घ्यायचा नाही, असे जानेवारी २०२० पासून ठरले आहे. तो वेगळ्या नावाने आकारला जात नाही ना, हे पाहावे. टोकन करून घेण्याबद्दल ग्राहकाकडून मात्र एक पैसाही घेता येत नाही.

सातवा प्रश्न मोडतोडीचा. कार्डजाळ्याची टोकन-व्यवस्था एखाद्या संध्याकाळी बंद पडली तर? महिन्याच्या सात तारखेला, पगाराच्या दिवशी, ती पडली तर? त्या वेळी ग्राहकाला आकडा भरून एकवेळचा व्यवहार करण्याची वाट उघडी राहावी. तक्रारीचा दूरध्वनी कोण उचलणार, किती वेळात, मराठीत बोलणारा कोणी असेल का, हेही विचारावे. विक्रेता ज्या माणसाला घेऊन येतो तो सही झाल्यावर दिसत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

हे सात प्रश्न मंडळाने मध्यस्थाला विचारायचे. आठवा मात्र मंडळाने स्वतःला विचारायचा, तो असा की, आपल्या घरात जुने आकडे कोठे कोठे पडले आहेत?

याबाबतीत घडलेली एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका दुकानात दूरध्वनीवरून मागणी घेण्याची पद्धत होती. मागणी घेणारी मुलगी ग्राहकाच्या कार्डाचा आकडा नोंदवहीत लिही. तसे लिहिण्याची सूचना व्यवस्थापकाचीच होती, पण ती तोंडी. पुढे दोन-तीन ग्राहकांच्या कार्डावर परभारे खरेदी झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्या मुलीच्या हाती निलंबनाचे पत्र पडले. खातेनिहाय चौकशीत मी तिचा प्रतिनिधी होतो. नोंदवही उघड्या टेबलावर असे, तिला दहा जणांचे हात लागत, हे साक्षीदारांच्या तोंडून वदवून घ्यायला आम्हाला पाच महिने लागले. ती निर्दोष ठरली, कामावर परत गेली. परंतु पाच महिने त्या घरात निम्मा पगार आला, आणि शेजाऱ्यांनी जे बोलायचे ते बोलून घेतले. आकडा ज्याच्या हाताखालून जातो, संशय त्याच्यावर येतो. आकडाच नसता तर संशयही नसता.

यासाठी माझे सांगणे असे की, टोकन हे ग्राहकाचे जसे संरक्षण आहे तसेच ते नोकराचेही आहे. म्हणून टोकनाची व्यवस्था आणताना नोंदवह्या, जुने तक्ते, ग्राहकांनी पाठवलेली कार्डांची छायाचित्रे, हे सर्व मंडळाने नष्ट करावे आणि तसे केल्याचा ठराव लिहून ठेवावा. दूरध्वनीवर आकडा विचारायचा नाही, अशी लेखी सूचना भिंतीवर लावावी. आणि कर्मचाऱ्यांना हे शिकवण्याचे काम कामाच्या तासांत, पगारी वेळेत करावे.

ग्राहकाविषयीही दोन शब्द. टोकन करून घेणे त्याच्यावर सक्तीचे नाही. त्याची संमती स्पष्ट असावी लागते. होकाराची खूण आधीच करून ठेवलेली चौकट नियमात बसत नाही. ती संमती दुहेरी खातरजमेने पक्की करावी लागते. आपले कार्ड कोणकोणत्या दुकानांत टोकनरूपाने नोंदले आहे, ही यादी आपल्या बँकेकडे पाहण्याचा आणि त्यातले हवे ते टोकन रद्द करण्याचा अधिकार त्याला आहे. भांडाराने हे त्याला आपणहून सांगावे. जो मध्यस्थ रद्द करण्याची वाट आडबाजूला लपवून ठेवतो, तो उद्या आपल्यालाही कराराबाहेर जाऊ देणार नाही, एवढे त्यावरून ओळखावे.

शेवटी, चार निवेदनांतून निवड कशी करावी? परवाना आणि सुरक्षेचा दाखला या दोन गोष्टी नसतील तर पुढे वाचूच नये. तेथे तडजोड नाही. उरलेल्यांना महिनाभर थोड्या सभासदांवर चालवून पाहावे. टोकनावरचे व्यवहार शंभरात किती पार पडले, परतावे किती दिवसांत आले, हे कारकुनाने वहीत मांडावे. त्या वहीतला आकडा पत्रकातल्या आकड्यापेक्षा अधिक विश्वासाचा. दोघे सारखे उतरले तर ज्याचा करार सोडायला सोपा तो घ्यावा, मग त्याचा दर दोन पैशांनी अधिक असला तरी चालेल. ते दोन पैसे आपल्या स्वातंत्र्याचे भाडे समजावे. आणि ज्या कारकुनाला, ज्या गल्ल्यावरच्या माणसाला ही व्यवस्था रोज चालवायची आहे, त्याला निवडीच्या बैठकीत खुर्ची द्यावी. यंत्र कोठे अडते हे सर्वांत आधी त्याला कळते.